तिसरा नहेम्या

माझ्या नातवाच्या जन्मनोंदणीचा फॉर्म एकोणीस दिवस माझ्याच टेबलाच्या खणात पडून होता. बाकी सगळे रकाने भरलेले. वजन, वेळ, आईचं वय, बापाचा व्यवसाय, सगळं माझ्याच अक्षरात. फक्त नावाचा रकाना कोरा. एकवीस दिवसांच्या आत नावासकट फॉर्म गेला तर एका फटक्यात काम होतं, नाहीतर पुढे शपथपत्र, साक्षीदार आणि खेटे. तेवीस वर्षं या खिडकीत बसून मी लोकांना हेच बजावतोय, की बाबांनो, घोळ घालू नका, नाव ठरवा आणि मोकळे व्हा. आता स्वतःवर वेळ आली तर मीच घोळ घालत बसलो होतो.

मी हॉस्पिटलच्या नोंदणी खिडकीत कारकून आहे. डाव्या खणात जन्म, उजव्या खणात मृत्यू. पण हे झालं कागदावरचं काम. माझं दुसरं काम कुठल्याच कागदावर नाही. वरच्या मजल्यावर कुणी दगावलं की सिस्टर खाली येते, खिडकीच्या काचेवर दोन बोटांनी टकटक करते आणि म्हणते, "दादा, जरा येता का?" मग मी पेनाला टोपण लावतो आणि जातो. डॉक्टरांनी सांगितलेलं लोकांना कळत नाही, आणि सिस्टर सांगायला गेली की तिलाच रडू फुटतं. फार वर्षांपूर्वी एकदा मी कुणाला तरी नीट सांगितलं, आणि तेव्हापासून ते माझ्या गळ्यात पडलं ते पडलंच.

सांगायची एक रीत आहे. उभ्याउभ्या सांगायचं नाही, आधी बसवायचं. मग पाणी द्यायचं आणि ते पिऊन होईपर्यंत थांबायचं, कारण नंतर घशाखाली काही उतरत नाही. मग एकाच वाक्यात सांगायचं, आणि त्या वाक्यात 'गेले' हा शब्द हवाच. 'आता ते आपल्यात नाहीत' असं काही गुळमुळीत बोललं की माणसं विचारतात, मग कुठल्या वॉर्डात हलवलंय? खरंच विचारतात. आणि सांगून झालं की गप्प बसायचं. हे सगळ्यात कठीण. नवीन माणूस इथेच घसरतो, काहीतरी शहाणपणाचं बोलायला जातो.

हे सगळं मला येतं, आणि त्याचा मला आता वीट आलाय. मी छप्पन्न वर्षांचा आहे. झोप काढली की जातो तसला थकवा हा नाही. सकाळी दाढी करताना आरशातलं तोंडसुद्धा दुसऱ्याला धीर देणारं दिसतं, तेव्हा येतो तो हा थकवा. बायको म्हणते, लोकांनी तुमचा गल्लीचा रुमाल करून टाकलाय, ज्याला त्याला नाक पुसायला. ती थट्टेत म्हणते, पण ते खरं आहे. नात्यात कुणी गेलं, कुणाचं लग्न मोडलं, कुणाचा मुलगा नापास झाला, की पहिला फोन मला. आणि दोष द्यायचाच तर तो माझ्या नावाला द्यायला हवा.

माझं नाव नहेम्या. आमच्या घरात मुलांची नावं शास्त्रातून, म्हणजे बायबलातून काढतात. आईकडे जाड पुठ्ठ्याची एक जुनी प्रत आहे, तिच्या शेवटी नावांची यादी आहे आणि प्रत्येक नावापुढे त्याचा अर्थ. नहेम्या म्हणजे परमेश्वर सांत्वन करतो. आता नीट पाहिलं तर हे काम परमेश्वराचं आहे, माझं नाही. पण आमच्या घरी ते कसं कोण जाणे माझ्या अंगावर आलं.

माझ्या आधी एक भाऊ होता. चार वर्षांचा होऊन तापात गेला, एकोणीस ऑगस्टला. मी झालो त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात. त्याचा एकच फोटो आहे. त्यात तो एका स्टुलावर बसलाय आणि स्टुलाला धरून ठेवलेला बाबांचा हात तेवढा बाजूने आत आलाय. आईने मला कळायला लागल्यापासून सांगितलं, की तो गेला आणि देवाने तुला पाठवलं, म्हणून तुझं नाव हे. शेजारणींना सांगितलं, मास्तरांना सांगितलं, माझ्या बायकोला साखरपुड्याच्या दिवशी सांगितलं. लहानपणी आई स्वयंपाकघरात रडायला लागली की बाबा मुकाट्याने बाहेर जाऊन बसायचे आणि घरातलं कुणीतरी मला उचलून तिच्या मांडीवर ठेवायचं. औषधाची बाटली ठेवावी तसं. मी तिचे डोळे पुसायचो, आणि सगळे म्हणायचे, बघा, नाव कसं सार्थ केलं पोराने. पुढे मी स्वतःच चालत जाऊन मांडीवर बसायला लागलो. मग मांडीएवढा राहिलो नाही, तेव्हा शेजारी बसायला लागलो. अजून बसतो. आई आता एक्याऐंशीची आहे, आमच्या मागच्या गल्लीत तळमजल्यावर दोन खोल्यांत एकटी राहते, आमच्याकडे ये म्हटलं तर येत नाही. रोज कामावरून सुटलो की मी आधी तिच्याकडे जातो. ती चहा टाकते आणि चहा उतू जाईपर्यंत तिचं दुःख काढते. रोज.

दोन वर्षांपूर्वी माझ्या लेकीला पहिला मुलगा झाला आणि अकरा दिवसांनी गेला. आमच्याच हॉस्पिटलात, वरच्या मजल्यावर, काचेच्या पेटीत. सिस्टर खाली आली. तिने नेहमीसारखी टकटक केली नाही, नुसती उभी राहिली. मी पेनाला टोपण लावलं. वर गेलो. लेकीला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं, ती पिईपर्यंत थांबलो आणि एका वाक्यात सांगितलं. मग गप्प बसलो. सगळं रीतीप्रमाणे. नंतर खाली येऊन उजव्या खणातला फॉर्म काढला आणि तोही भरला. मोठे डॉक्टर म्हणाले, दादा, कमाल आहे तुमची. माझी छाती तेव्हा जी आवळली ती आवळलेलीच राहिली.

आणि आता हा दुसरा. धडधाकट, रडका, सव्वातीन किलोचा. आईने दवाखान्यातच, त्याला मांडीवर घेतल्याघेतल्या, निकाल देऊन टाकला. ती म्हणाली, "नहेम्याच. दुसरं नाव शोधायचंच नाही. घरात दुःख झाल्यावर आलाय तो. पोरीला याची गरज आहे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. जावई साधा माणूस आहे, गोड बोलतो आणि कशातच पडत नाही. तो म्हणाला, पणजीबाईंची इच्छा मोडायची नाही. लेक माझ्याकडे बघत म्हणाली, "बाबा, तुम्ही म्हणाल तसं. नाव तुमचं आहे." बायको घरी येताना म्हणाली, की बघा हं, त्या पोराला अजून स्वतःचं नाक पुसता येत नाही.

नको म्हणायला मला एक शब्द पुरला असता. तो तोंडातून निघेना. आईला मी आयुष्यात कशालाच नको म्हटलेलं नाही. मी वेळ काढत राहिलो. फॉर्म हरवला म्हटलं, शिक्का नाही म्हटलं, साहेब रजेवर आहेत म्हटलं. अठराव्या दिवशी संध्याकाळी आईने त्या थापांना वैतागून जुनी प्रत कपाटातून काढली, फडक्यात बांधली आणि माझ्या हातात दिली. पोरीला शेवटच्या पानावरचा अर्थ वाचून दाखव, मग तीच तुझ्या मागे लागेल, असं तिचं म्हणणं. मी बोचकं काखेत मारून घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी तसंच कामावर घेऊन गेलो.

एकोणिसाव्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, खिडकीची फळी पाडून मी ते फडकं सोडलं. शेवटची यादी उघडली. आमच्या नावाची ओळ बोटांनी इतकी पुसली होती की तिथला कागद मळकट आणि गुळगुळीत झाला होता. अर्थ मला पाठ होता. त्याच्या पुढे बारीक अक्षरात, हे नाव कुणाकुणाचं होतं आणि ते कुठे सापडेल, त्याचे अध्याय-वचनांचे तीन आकडे होते. इतकी वर्षं अर्थाच्या पुढे आम्ही कुणी गेलोच नव्हतो. मला वाटायचं नहेम्या एकच. ते तीन निघाले.

पहिला सगळ्यांना माहीत असतो तो. परक्या राजाला प्याला देणारा चाकर. आपल्या गावची तटबंदी पडली हे कळलं, तेव्हा राजाची परवानगी काढून गेला आणि बावन्न दिवसांत भिंत उभी करवली. मी तो भाग सहज चाळला आणि थबकलो. हा गडी, ज्याच्या नावात सांत्वन आहे, बातमी कळल्याबरोबर आधी खाली बसतो आणि रडतो. एक दिवस नाही, कितीतरी दिवस. कुणी त्याला नावं ठेवत नाही. दुसरा नहेम्या परत आलेल्या लोकांच्या यादीत आहे. नुसतं नाव, पुढे मागे काही नाही, आमच्या नोंदवहीत असतात तसा.

तिसऱ्याचं पान मला शोधावं लागलं नाही, कारण तिथे दोरा होता. गवंड्याचा ओळंब्याचा दोरा, वीतभर, चुन्याने पांढरा पडलेला. ही प्रत आईची, तिला हात फक्त आई लावते असं मी समजत होतो. बाबांना मी वाचताना कधी पाहिलेलं नाही.

बाबा गवंडी होते. कमी बोलायचे. मी शाळेतून त्यांचा डबा घेऊन जायचो म्हणून त्यांचं काम मला माहीत आहे. कुंपणाची लांब भिंत असली की ती चार-पाच गवंड्यांत दोरीने वाटून घ्यायचे. प्रत्येकाने आपला तुकडा बांधायचा. तुकड्याच्या टोकाला भिंत सरळ कापून संपवायची नाही. एक थर सोडून एक वीट अर्धी बाहेर काढून ठेवायची, म्हणजे शेजारच्याला आपलं काम त्यात गुंतवता येतं आणि सांधा फुटत नाही. बाबा तिथे, शेवटच्या विटेवर, कानावरची जाड लाल पेन्सिल काढून लिहायचे 'इथपर्यंत', आणि खाली तारीख. मग हात धुवायचे आणि घरी यायचे. मी एकदा विचारलं होतं, की पुढचं कोण करणार? ते म्हणाले होते, ज्याचं आहे तो.

दोऱ्याच्या पानावर त्या तटबंदीच्या वाटण्या होत्या. कुणी कुठून कुठपर्यंत बांधलं त्याची लांबच लांब जंत्री, वाचणाऱ्याला झोप येईल अशी. त्याच्या नंतर हा, त्याच्या नंतर तो. त्यात मध्येच अजबूक नावाच्या माणसाचा मुलगा, नहेम्या. अर्ध्या जिल्ह्याचा अधिकारी. त्याने राजाच्या घराण्याच्या कबरींसमोरून खोदलेल्या तळ्यापर्यंतचा आणि पुढच्या शूरांच्या घरापर्यंतचा तुकडा दुरुस्त केला. बस. एवढंच. त्याच्यानंतर पुढचे लोक सुरू होतात आणि हा पुन्हा कुठेही येत नाही.

त्या ओळीखाली लाल पेन्सिलची रेघ होती. समासात बाबांचं अक्षर, मोठं आणि वाकडं. 'मुलगा झाला तर हा.' आणि ओळ संपते तिथे, 'इथपर्यंत', आणि तारीख. दोन मे.

मी तारीख पुन्हा वाचली. साल माझ्या जन्माचं. भाऊ गेला एकोणीस ऑगस्टला. ती तारीख मी विसरणं शक्य नाही, दरवर्षी त्या दिवशी मी रजा काढून आईजवळ बसतो. मे महिन्यात तो जिवंत होता. बहुधा अंगणात वाळूत खेळत असेल. मे महिन्यात कुणाचंच सांत्वन करायचं नव्हतं. मी पोटात चार महिन्यांचा होतो आणि बाबांनी मला एका गवंड्याचं नाव ठेवलं होतं, जो आपला वाटा करतो आणि घरी जातो.

काचेवर टकटक झाली. मी फळी वर केली. सिस्टर होती. मी गेलो, बसवलं, पाणी दिलं, सांगितलं, गप्प बसलो. एका बाईने माझा हात धरून ठेवला तो पाऊण तास सोडला नाही. त्या पाऊण तासात मी काय विचार करत होतो हे तिला कळलं असतं तर तिने सोडला असता.

सुटल्यावर आईकडे न जाता लेकीकडे गेलो. ती पाळणा हलवत बसली होती, केस विस्कटलेले, डोळ्यांखाली काळं. मी सरळ विचारलं, "तुला हे नाव हवंय का? माझ्याकडे बघून नको सांगूस, त्याच्याकडे बघून सांग."

तिने पाळण्यात पाहिलं. मग म्हणाली, "नको. रागावू नका बाबा. पहिल्या वेळी तुम्ही मला सांगायला आलात ना, तेव्हा तुम्ही त्या खिडकीतल्या माणसासारखे बोललात. मला खुर्चीत बसवलंत, पाणी दिलंत. सगळं बरोबर केलंत. मला वाटत होतं तुम्ही रडाल. तुम्ही रडला असतात तर मला बरं वाटलं असतं. माझा बाबा कुठे गेला, असं झालं मला." तिने पाळण्याची दोरी सोडली. "याला तसं व्हायला नको. माझं रडं माझं आहे. त्याने ते पुसायला जन्म नाही घेतला."

तिने मला चहा करू का विचारलं, नको म्हटलं. मग तिने स्वतःच्या मनातलं नाव सांगितलं. गरोदर असल्यापासून तिने ते ठरवलं होतं आणि कुणाला सांगितलं नव्हतं. दोन अक्षरी, कुठल्याच यादीत नसलेलं. अर्थ विचारला तर म्हणाली, अर्थ काही नाही बाबा, हाक मारायला छान वाटतं.

विसाव्या दिवशी मी फॉर्म आणि प्रत दोन्ही पिशवीत घालून आईकडे गेलो. ती वाटच बघत होती. कालचा एक दिवस मी चुकवला होता, त्याचा हिशेब आधी झाला. मला कसं वाटलं, मी काय समजायचं, फोन तरी करायचा, असं तिचं चाललं होतं. मी तिला बोलू दिलं. मग चहा झाला. मग मी प्रत काढली, दोऱ्याच्या पानावर उघडली आणि तिच्या पुढ्यात ठेवली.

तिने चष्मा लावला नाही. बोट समासावरून फिरवलं आणि म्हणाली, "दोरा आहे का अजून?"

तेवढ्यावर मला कळलं. मी म्हणालो, "म्हणजे तुला माहीत होतं."

"माहीत नसायला काय झालं? माझ्याशेजारी बसून तर लिहिलं त्यांनी." मग तिने सांगायला सुरुवात केली, आणि हे तिने कधीच सांगितलेलं नव्हतं. बाबांनी मे महिन्यात एका रविवारी तिला ते पान दाखवलं होतं. ती हसली होती. एवढे राजे, एवढे संदेष्टे सोडून तुम्हाला हा भिंतवाला सापडला का, म्हणाली होती. बाबा म्हणाले होते, हा आपल्यातला आहे. तेव्हा भाऊ त्यांच्या पाठीवर चढून पेन्सिल ओढत होता. पानावर त्या लाल रेघेला एक फाटा फुटलाय, तो त्याचा.

मी वाकून पाहिलं. खरंच एक फाटा होता. काल मला तो दिसला नव्हता.

"मग ऑगस्ट झाला," आई म्हणाली. "पुरून आल्यावर चौथ्या दिवशी ते कामावर गेले. आल्यावर जेवायचे आणि बाहेर बसायचे. एक शब्द नाही. मी भिंतीशी बोलायचे रे. मग तू झालास. नाव ठरलेलंच होतं. एक दिवस मी मागे अर्थ पाहिला. मला वाटलं, देवाने आधीच लिहून ठेवलंय. कुणीतरी हवं होतं मला. तू होतास."

मला राग यायला हवा होता. छप्पन्न वर्षांचा राग मी वाटेत जमवत आलो होतो, वाक्यंसुद्धा तयार होती. पण समोर एक म्हातारी बसली होती, आणि माझं तोंड सवयीने धीर द्यायला उघडत होतं. असू दे आई, झालं ते झालं, असं काहीतरी ओठांवर आलंच होतं. मी ते गिळलं. जड गेलं.

मी म्हणालो, "आई, मी थकलोय."

तिने वर पाहिलं.

"मी फार थकलोय. लेकीचं बाळ गेलं तेव्हा मी तिला सांगायला गेलो आणि रडलो नाही. खाली येऊन माझ्या हाताने त्याचा फॉर्म भरला. माझाही नातू होता तो. माझं कुणी काही विचारलंच नाही. तूसुद्धा नाही. तू त्या संध्याकाळी मला म्हणालीस, आता तू आहेस म्हणून पोरगी सावरेल. या पोराला हे नाव नको, आई. मला नको आहे. मी त्याला हे करू देणार नाही."

पुढचं बोलता आलं नाही. आधी खोकल्यासारखं काहीतरी आलं आणि मग मी रडायला लागलो. धड रडताही येईना, शिकलोच नव्हतो. नाक गळत होतं, खांदे उडत होते, तोंडातून नको तसले आवाज निघत होते. छप्पन्न वर्षांचा, चष्मेवाला, पेन्शनीला टेकलेला माणूस. दोन वर्षं आवळलेलं ते सगळं एकदम सुटलं आणि मला ते थांबवता येईना.

आई उठली. तिच्या गुडघ्यांना उठायला नेहमी मीच हात देतो. तिने टेबलाचा कोपरा धरला, मग भिंत धरली आणि स्वयंपाकघरात गेली. भांड्याचा आवाज आला. ती पेला घेऊन परत आली. हात कापत असल्याने अर्धं पाणी वाटेत सांडलं होतं, तिच्या पदरावरही.

"बस नीट," ती म्हणाली. "आधी पाणी पी."

मी प्यालो. ती समोर बसली आणि मी पिईपर्यंत थांबली. तिला वाटलं असेल काहीतरी बोलावं, ओठ हलले, पण बोलली नाही. मी अजून रडत होतो. ती गप्प बसून राहिली. बाहेर कुणाची तरी सायकल गेली, वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवली. तिने एकदा हात पुढे केला आणि माझ्या गुडघ्यावर ठेवला, आणि तो तिथेच राहू दिला. कितीतरी वेळाने मला श्वास आला.

मग तिने विचारलं, "काय म्हणतेय पोरगी? नाव काय ठेवायचंय तिला?"

मी सांगितलं. आईने ते नाव दोनदा तोंडात घोळवून पाहिलं. अर्थ विचारला. काही अर्थ नाही म्हटलं.

"बरं आहे," ती म्हणाली. "हलकं आहे."

मी पिशवीतून फॉर्म काढला, बाबांच्या पानावर ठेवला आणि तिच्यादेखत रकाना भरला. तिने दोरा उचलून पुन्हा पानात घातला, प्रत मिटली आणि फडक्यात न बांधता तशीच टेबलावर ठेवली.

मी निघायला उठलो तर म्हणाली, "उद्या येऊ नकोस."

मी तिच्याकडे पाहिलं.

"परवा ये," ती म्हणाली. "नुसता चहाला ये."

मी बरं म्हणालो, आणि पेल्यात उरलेलं पाणी पिऊन टाकलं.